जुन्या कानशींच्या सुऱ्या आणि चकमकी : कामाची वही

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

खंडेनवमीला आबांनी त्यांची पेटी उघडून हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं. कॅलिपर, गुण्या, पाने आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला कानशींचा गठ्ठा. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते. ऑइल इंजिनचे पार्ट घासून बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण बोथट झालेली कानस त्यांनी कधी भंगारात घातली नाही. मी गठ्ठा मागितला. "काय करणार?" म्हणाले. सुऱ्या करणार म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अर्धगोल सोडून घे. ती अजून चालती."

आज गठ्ठा सोडला. अर्धगोल परत पेटीत ठेवली. उरल्या तेरा: सपाट आठ, त्रिकोणी तीन, गोल दोन. गंज वरवरचा आहे, दात गेलेले. दात गेले म्हणजे पोलाद गेलं असं नाही. चांगल्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वरच असतो. बांधकामाच्या सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास. एवढ्या फरकामुळेच कानशीला पाणी चढतं, म्हणजे लाल तापवून झटकन निववली की ती कडक होते, आणि सळईला चढत नाही.

एकाच पोलादातून दोन वस्तू करायच्या आहेत. एक, तळहातात मावेल अशी छोटी सुरी. दुसरी, चकमक, म्हणजे गारेवर आपटून ठिणगी पाडायचं पोलाद. दोन्ही शेजारी शेजारी करायच्या कारण त्यांची गरज उलटी आहे. सुरीला कडकपणा थोडा कमी करून लवचीकपणा द्यावा लागतो. चकमकीला कडकपणा जेवढा टिकेल तेवढा हवा. हे समजून घ्यायचंय, आणि ते वाचून समजत नाही.

सगळ्या कानशी ग्रायंडरला टेकवून ठिणग्या पाहिल्या. अकरांच्या ठिणग्या दगडापाशीच फुटत होत्या, फुलबाजीसारख्या, फांद्या फांद्यांच्या. दोघींच्या लांब, पिवळसर, सरळ रेघा. त्यातली एक वाईसमध्ये धरून, वर पोतं टाकून हातोडा मारला. मोडली नाही, वाकली, आणि वरची साल तडकली. म्हणजे वरून कडक केलेलं साधं लोखंड. दुसरीही तशीच धरली. दोन्ही बाजूला. अकरा कामाच्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

भट्टी तयार. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमला खालून दोन इंची पाइप, पाइपाला छोटा ब्लोअर, मध्ये हवा कमीजास्त करायला पत्र्याची झडप. आतून विटांचा चुरा आणि माती लिंपली. घराच्या मागे कळंब्याच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे तिथं बसवली. शेडमध्ये मुद्दाम अंधार ठेवलाय, तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात खोटा दिसतो.

ऐरणीसाठी दोन रविवार फिरलो. कोल्हापूर हे फौंड्र्यांचं गाव, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला जाईल तिथं ओतीव लोखंडाचे भरीव ठोकळे मिळतात, तेही स्वस्तात. मोह होतो. पण ओतीव लोखंड ऐरणीला नको. हातोडा खाऊन त्याचे टवके उडतात आणि हातोडा परत उसळत नाही, मार आतच जिरतो. शेवटी एका फोर्जिंगवाल्याच्या भंगारात वापरून टाकलेला डाय ब्लॉक, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून आकार द्यायचा ठोकळा, मिळाला, पोलादी, ४२ किलो. हातोडा वरून नुसता सोडला तरी उसळी मारतो. बाभळीच्या ओंडक्यावर चार पट्ट्यांनी आवळला.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी गेली, गुऱ्हाळं पेटली. शेजारच्या गुऱ्हाळातून चिपाडाची राख दोन पोती आणली. बारीक, पांढरट, कोरडी ठणठणीत.

कानस आहे तशी ठोकायला घेतली तर फुटेल. आधी तिचं पाणी पूर्ण उतरवायचं: लाल तापवून अगदी सावकाश निवू द्यायची. चार कानशी एकदम भट्टीत घातल्या, चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवल्या, आणि राखेच्या पोत्यात पुरल्या. संध्याकाळी सहाला पुरल्या. सकाळी सहाला राखेत हात घातला तर कानशी अजून कोमट होत्या. एवढं सावकाश निवणं मला कुठल्याच डब्यात किंवा वाळूत मिळालं नव्हतं.

आता साधी कानस या कानशींवर चालते. काल ही एकमेकींवर घसरत होती, आज भुसा पडतोय.

दात घासून काढण्यात अख्खा दिवस गेला आणि तो घालवलाच पाहिजे. पुष्कळ जण शोभेसाठी सुरीच्या पाठीला दातांची नक्षी ठेवतात. मला ते पटत नाही. ठोकताना दात आडवे पडतात, त्यांच्याखाली जळकी पूड अडकते, वरून गुळगुळीत दिसतं आणि आत घडी राहते. पाणी देताना चीर तिथूनच जाते. दात पूर्ण जाऊन खालचं पोलाद आरशासारखं लागेपर्यंत घासायचं. हँड ग्रायंडर, चष्मा, तोंडाला फडकं. संध्याकाळी नाकातून काळं आलं. पुढच्या वेळी चांगला मास्क.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली ठोकणी. बिघडली.

फौंड्रीतला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, मिळाला म्हणून तोच घातला. कोकची धग फार आणि ती एका ठिकाणी बसते. सुरीचं टोक काढत होतो. बोलता बोलता झडप जरा जास्त उघडी राहिली. पातं बाहेर काढलं तर टोकातून बारीक पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या, ग्रायंडरवर उडतात तशा. पोलाद जळत होतं. ऐरणीवर ठेवून हलका हातोडा लावला तर टोक ओल्या साखरेसारखं भुगा झालं. जळलेलं पोलाद पुन्हा जोडता येत नाही, तेवढं कापून टाकावं लागतं. दीड इंच गेलं.

ज्या पोलादात कार्बन जास्त, ते लवकर जळतं. साध्या लोखंडाला चालतं ते याला चालत नाही. कोक परत पोत्यात. पुढच्या रविवारपासून लाकडी कोळसा.

२४ नोव्हेंबर, रविवार

आबांनी सांगितलं म्हणून पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात लोहारमामांकडे गेलो. आबांच्या ओळखीचे, वय ऐंशीच्या पुढं. भट्टी अजून चालते. सुगीत विळे-खुरपी, ऊसतोडीच्या दिवसांत कोयते शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून, न्यायला माणसं येतात. मी कानशीचा तुकडा पुढं ठेवला. त्यांनी तो नखानं वाजवला, मग जिभेला लावला की काय असं वाटलं, पण नाही, वास घेतला.

"ह्येचं काय कराय लागलास?"

"सुरी, मामा. आणि चकमक."

"चकमक?" मामा हसले. "धनगरं यायची मेंढरं घिऊन, तवा करत हुतो. काडेपेटी पावसात भिजती. चकमक भिजली तर पुसायची."

मग त्यांनी मला दोन तास बसवून रंग दाखवले. माझ्या वहीत तापमानाचे आकडे होते, त्यांच्याकडे झाडं होती. ठोकायला घ्यायचं ते पळसाच्या फुलाच्या रंगावर. फूल कोमेजून विटकरी झालं की हातोडा थांबवायचा, परत भट्टीत. पाणी द्यायचं ते डाळिंबाच्या पिकल्या दाण्याच्या रंगावर. मी खिशातलं चुंबक काढलं आणि तपासलं. मामांनी "आता" म्हटलं आणि चुंबक सुटलं, दोन्हींत श्वासाचं अंतर. चुंबक सुटतं ते ७७० अंशांना. डाळिंबाचा दाणा त्याच्या किंचित वर बसतो.

"लोखंडाला कसंबी बडव. पोलादाला दम धरून मारायचं. थंड झाल्यावर मारलास तर आत चीर पडती, अन् ती तुला दिसत न्हाई, सुरीला दिसती."

परत येताना बाभळीचा कोळसा दोन पोती घेतला.

१ डिसेंबर, रविवार

आज चकमक. दहा इंची सपाट कानशीचा उभा कापलेला अर्धा भाग. ठोकून अर्ध्या सेंटीमीटरची जाड पट्टी केली, दोन्ही टोकं बारीक ओढली, वळवली. इंग्रजी सी अक्षरासारखी, दोन शेपट्या आत वळलेल्या, चार बोटं मधून जातील एवढी जागा. समोरचा सरळ भाग म्हणजे आपटायची कड. हे काम हाताला गोड लागतं. सुरीपेक्षा चकमक ठोकायला सोपी आहे, वळण डोळ्यासमोर तयार होतं.

डाळिंबाच्या रंगाला आणली. पाण्याच्या बादलीत घातली. दोन सेकंद, आणि बादलीतून बारीक आवाज आला. टिंग. ज्यानं एकदा ऐकलाय त्याला तो परत सांगायला नको. बाहेर काढली तर कडेच्या मधोमध आरपार चीर. चिरेत पाहिलं, तिथं कानशीच्या दाताची एक रेघ राहिली होती, केसाएवढी. कोपरेही मी धारदार ठेवले होते.

आबा शेडच्या दारात उभे होते. "पाणी थंडगार हुतं," एवढंच म्हणाले. बरोबर होतं. डिसेंबरची सकाळ, रात्रभर उघड्यावर ठेवलेली बादली.

८ डिसेंबर, रविवार

दुसरी चकमक. या वेळी सगळे कोपरे कानशीनं गोल केले, दाताची एकही रेघ नाही हे भिंगातून पाहिलं. पाणी हाताला कोमट लागेल इतकं तापवलं. अख्खी बुडवायच्या ऐवजी फक्त कड पाण्यात, शेपट्या वर. तीन सेकंदांनी उचलून शेंगतेलाच्या डब्यात. चीर नाही. आवाज नाही. शेपट्या मऊ राहिल्या, म्हणजे पडली तरी मोडणार नाही.

पण ठिणगी नाही. गारगोटीवर पन्नास वेळा आपटली. एखादी लाल पुसट ठिपकी, पेटायच्या आधी विझलेली. कानस लावून पाहिली तर ती कडेला किंचित चावली. चावायला नको होती. पुन्हा तापवली, पुन्हा पाणी दिलं. तेच. रात्री झोप लागली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

कामावरून आलो, जेवायच्या आधी शेडमध्ये गेलो.

पोलाद उघड्या भट्टीत पुन्हा पुन्हा तापलं की वरच्या थरातला कार्बन हवेशी मिळून निघून जातो. थर पातळ असतो, कागदा-दोन कागदांचा, पण ठिणगी पडते ती वरच्या थरातूनच. माझ्या चकमकीवर साध्या लोखंडाची साल बसली होती आणि मी त्या सालीवर गार घासत होतो. कानस चावली ती त्या सालीला. रविवारी मी पुन्हा तापवून साल आणखी जाड केली होती.

कड ग्रायंडरवर हळूहळू घासली, दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवत, म्हणजे निळी पडू नये. अर्धा मिलिमीटर गेला. कानस लावली, काचेवरून घसरावी तशी घसरली. दिवा बंद केला आणि आपटली.

पहिल्याच फटक्याला पाच-सहा. पिवळ्या, गोल, जमिनीपर्यंत जिवंत. दुसऱ्या फटक्याला एक माझ्या पायाच्या बोटावर पडून विझली.

ही ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारेची धार पोलादाहून कडक. ती पोलादाचा डोळ्याला न दिसणारा कीस खरवडून काढते. तो कीस इतका बारीक आणि घासण्यानं इतका तापलेला असतो की हवा लागताच लोखंड पेटतं. पोलाद मऊ असेल तर कीस निघत नाही, दबतो. कडक असेल तर तुटून उडतो. म्हणून चकमकीला पूर्ण पाणी हवं. पन्नास फटक्यांनी जे सांगितलं नाही ते अर्ध्या मिलिमीटरनं सांगितलं.

आबांना उठवून दाखवलं. त्यांनी हातात घेतली, तीनदा आपटली आणि कड अंगठ्यानं चाचपली. "ही दहा इंची न्हवं? मागल्या बाजूनं जरा डावीकडं झिजलेली? मी क्रँकशाफ्टला वापरत हुतो." तीच होती.

१५ डिसेंबर, रविवार

दगड आणि पेटवण.

आमच्याकडं सगळा काळा कातळ, त्यावर आपटून काही होत नाही. पण त्याच कातळाच्या पोकळ्यांत अकीक, स्फटिक, लाल-तपकिरी जास्पर सापडतो. कळंब्याकडं एका शेतात नवी विहीर काढलीय, तिथल्या ढिगाऱ्यात तासाभरात पिशवी भरली. गारगोटी हे नाव आपण सरसकट वापरतो, आणि त्या नावाचं गाव तर आपल्याच जिल्ह्यात, भुदरगड तालुक्याचं ठाणं. पण पांढरी गार चकमकीला तितकी बरी नाही, तिच्या कडेचे दाणे होऊन पडतात. अकीक फोडला की काचेसारखी धार निघते आणि टिकते. सगळ्यात चांगला ठरला जास्परचा मुठीएवढा तुकडा.

पेटवणीसाठी आबांचा फाटका सुती पंचा. बोटभर चौकोन कापून तंबाखूच्या डबीत घातले, झाकणाला खिळ्यानं एक भोक, आणि डबी निखाऱ्यांवर. भोकातून पांढरा धूर येतो, त्याला काडी लावली तर पेटतो. धूर थांबला की उतरवायची आणि भोक मातीनं बुजवायचं. डबी पूर्ण निवेपर्यंत उघडायची नाही. मी घाई केली आणि पहिली डबी आत हवा जाऊन राख झाली. दुसरी नीट निघाली: काळी, मऊ, फडक्याची वीण तशीच दिसणारी. कापड पूर्ण सुती हवं. मिश्र कापड वितळून गोळा होतो.

काळं कापड दगडाच्या कडेवर अंगठ्यानं दाबायचं, कड जरा बाहेर, आणि चकमक वरून खाली तिरकी ओढायची. आपटायचं म्हणतो खरं, पण ते साल काढल्यासारखं आहे. ठिणगी कापडावर पडली की केशरी ठिपका पसरायला लागतो, वाऱ्यानं विझत नाही, उलट वाढतो. तो नारळाच्या काथ्याच्या घरट्यात ठेवून फुंकायचं. आज सात वेळा प्रयत्न, चार वेळा जाळ. धाकट्या पुतण्यानं एकदा जोरात फुंकलं, काथ्या भपकन पेटला, तो मागं सरकून ओरडला, "जाळ अन् धूर संगटच!" कोल्हापुरात हे वाक्य कुठंही बसतं, पण एवढं जाग्यावर बसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

२२ डिसेंबर, रविवार

सुरीचं पाणी. हा सगळ्या कामातला अवघड दिवस आणि मला त्याची भीती होती.

पातं मागच्या दोन रविवारी ठोकून झालंय: धार साडेतीन इंच, पाठ तीन मिलिमीटर, मुठीत जाणारी शेपटी हातभर नाही, तीन बोटं. धारेची कड मुद्दाम दीड मिलिमीटर जाड ठेवली. पातळ ठेवली तर पाणी देताना तीच आधी वाकते, आणि वरचा कार्बन गेलेला थर नंतर घासून काढायला जागा उरत नाही. हा दुसरा धडा चकमकीनं शिकवलेला.

आधी तीनदा तापवून हवेत निववलं. ठोकून ठोकून पोलादाचा रवा कुठं मोठा, कुठं लहान झालेला असतो, तो यानं सारखा होतो. शेडचं दार लावलं. डाळिंबाच्या रंगाचं पातं सांडशीत धरून अंधारात उभा राहिलो. धार पातळ म्हणून आधी काळवंडली, मग टोक. आणि मग एक गोष्ट पाहिली ती आधी ऐकून होतो: काळवंडत आलेलं पातं मधल्या भागात क्षणभर परत उजळलं, कुणी आतून फुंकर घातल्यासारखं, आणि तो उजेड धारेकडून पाठीकडं सरकत गेला. निवता निवता पोलादाची आतली रचना बदलते, त्या वेळी ते साठलेली ऊब बाहेर टाकतं. तीनही वेळा दिसलं. तिसऱ्या वेळी आबांनाही हाक मारली. चाळीस वर्षं पोलाद घासलेल्या माणसानं ते कधी पाहिलं नव्हतं, कारण वर्कशॉपमध्ये दिवे असतात.

त्याच कानशीच्या उरलेल्या तुकड्याला आधी पाणी देऊन मोडून पाहिलं. मोडलेल्या जागी रवा राखाडी मखमलीसारखा. मीठ सांडल्यासारखा चमकला असता तर तापमान जास्त झालं होतं असं समजायचं.

सुरीला पाणी नाही, तेल. चकमक जाड आहे, पाण्याचा झटका सोसते. सुरीचं पातं तीन मिलिमीटरचं, ते पाण्यात तडकण्याचा धोका जास्त. लोखंडी डब्यात दोन लिटर शेंगतेल, तापवून ५०-६० अंशांवर. थंड तेल घट्ट असतं, गरम तेल पात्याला पटकन बिलगतं आणि ऊब लवकर ओढून घेतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याच्या धुरानं छाती भरते. शेंगतेलाचा धूर निदान भज्यांच्या वासाचा असतो. डब्याचं झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर वरून झाकायचं.

टोक खाली, सरळ उभं घातलं. बाजूला हलवलं नाही, फक्त वर-खाली. दहा सेकंद. बाहेर काढून कानस लावली: घसरली. पात्यावरून नजर टाकली: टोकाकडं डावीकडं वाक, काडीच्या जाडीचा. पातं अजून हाताला सोसवेना इतकं गरम होतं, त्या अवस्थेत थोडा वेळ ते ऐकतं. दोन फळ्यांमध्ये वाईसला आवळलं आणि श्वास धरला. सरळ झालं.

२३ डिसेंबर, सोमवार

काल रात्रीच पाणी उतरवायला हवं होतं. पाणी दिलेलं पातं तसंच ठेवलं तर आतल्या ताणानं पडल्यापडल्या तडकू शकतं. रात्री दहाला ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, घातलं. आकड्यावर विश्वास ठेवला नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवला तर बटणावर २०० आणि आत २३५. तसंच घातलं असतं तर सुरी मऊ झाली असती. बटण मागं घेऊन आत २०० केलं. दोन तास, बाहेर निववून परत दोन तास. घासलेल्या भागावर रंग आला वाळक्या कडब्याचा, फिका पिवळा. हाच हवा. यापुढं तपकिरी, वांगी, मोरपिशी निळा असे रंग येत जातात आणि प्रत्येक रंगाबरोबर धार टिकायची ताकद कमी होते. निळा स्प्रिंगला चांगला, सुरीला नाही.

त्याच ओटीजीत चकमकही, पण १५० अंशांवर एक तास, नुसता ताण जावा म्हणून. नंतर आपटून पाहिली. ठिणग्या तेवढ्याच.

"अहो, उद्या केक करायचाय ह्यात," घरातून आवाज आला. ओटीजी पुसून दिला.

५ जानेवारी २०२५, रविवार

मूठ बाभळीची. शेपटी तापवून भोकात जाळून बसवली, राळ आणि विटेची भुकटी भरली.

धार काढायला आधी जाड दगड, मग बारीक, शेवटी चामड्याचा पट्टा. दर बाजूला साधारण २० अंश. कड घासताना पात्याचा प्रत्येक इंच पाण्यात बुडवून बोटानं ऊब पाहिली. पाणी उतरवायला तासन् तास लागले, ते ग्रायंडरवर तीन सेकंदांत वाया जातं.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

भोगीची भाजी म्हणजे सुरीची परीक्षाच. गाजर, वांगी, ओला हरभरा, घेवडा, पावटा, बोरं, उसाचे करवे. आई विळीवरच चिरते, तिला सुरी आवडत नाही. आज तिनं वांगी सुरीनं चिरली, मग गाजर. मग काही न बोलता उसाचं कांडं घेतलं. मी म्हटलं, "आई, ऊस नको." तिनं कांडं सोललं, करवे केले आणि सुरी पाण्यानं धुऊन ओट्यावर ठेवली. मी धार केसाला लावून पाहिली. केस तुटला. आई म्हणाली, "विळीपेक्षा हलकी हाय." तिच्या तोंडून एवढं आलं.

पातं मात्र संध्याकाळपर्यंत काळंनिळं झालं. कार्बन पोलादाला हे होणारच. वांगी, कांदा, लिंबू सगळ्यांचे डाग बसतात. तो गंज नाही, उलट तो थर पुढच्या गंजाला अडवतो. तांबूस दिसलं तर मात्र लगेच घासून शेंगतेलाचं बोट फिरवायचं. ओलं ठेवायचं नाही, एवढीच या सुरीची सेवा.

२६ जानेवारी, रविवार

म्यान. चप्पल लाईनला एका कारागिरानं तळव्याच्या चामड्याचा तुकडा दिला, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच चामड्याच्या कामाला. ओलं करून पात्याभोवती दाबलं की आकार धरतं. हिरड्याच्या कमावणीमुळं सुरी कायम म्यानात ठेवली तर काळी पडते, म्हणून म्यान फक्त खिशातून न्यायला, घरी सुरी बाहेर. शिवण मीच घातली, दोन सुया, मेणाचा दोरा. बोटं भोसकली.

९ फेब्रुवारी, रविवार

आजवरचा हिशेब. अकरापैकी सात कानशी वापरल्या. सुऱ्या चार, त्यातली एक टोकाला जळालेली म्हणून आखूड. चकमकी सहा नीट, तीन गेल्या: एक तडकली, एक पाणी देताना पिरगळली, एक मी हौसेनं फार पातळ केली आणि तिसऱ्या फटक्याला मोडली. त्रिकोणी कानशीच्या चकमका उत्तम होतात, जाडी आयती मिळते. गोल कानशींना अजून हात लावला नाही.

चकमक हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडं आला आणि मराठीत भांडणालाही चिकटला. हातातल्या वस्तूवर ठिणगी उडताना पाहिलं की "चकमक उडाली" असं का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

काटेसावरीला फुलं आलीत, रस्त्याकडेनं लाल पडलंय. एप्रिलात बोंडं फुटतील तेव्हा कापूस गोळा करायचा. मामा म्हणाले होते, धनगर तोच वापरायचे, आधी जाळून काळा केलेला.

२ मार्च, रविवार

चकमक घेऊन मामांकडं. सोबत जास्पर आणि काळ्या कापडाची डबी. मामांनी दगड परत दिला आणि भट्टीमागच्या कोनाड्यातून स्वतःचा काढला, काळपट अकीक, एका बाजूला झिजून वाटीसारखा झालेला. किती वर्षांचा ते मी विचारलं नाही. माझ्या पंचाच्या तुकड्याऐवजी त्यांनी बांबूच्या नळीतून काळा कापूस काढला, मागच्या वर्षीचा सावरीचा.

एकच फटका. कापसात ठिपका बसला. त्यांनी तो कोळशाच्या चुऱ्यावर ठेवला, भात्याची दोरी हळू ओढली, आणि भट्टी पेटली.

मग चकमक उलटसुलट करून बघितली. कड अंगठ्यानं, शेपट्या करंगळीनं.

"पाणी चांगलं दिलंयस. शेपट्या चुकल्यात. बोटाला लागत्यात. आणखी आत वळव."

"आता वळवल्या तर कडेचं पाणी उतरंल की, मामा."

"कड पाण्यात ठेव, शेपटी जाळात."

त्यांनी परातीत पाणी घेतलं, चकमकीची कड त्यात बुडवून उभी धरली, आणि लोखंडी नळी भट्टीच्या तोंडाशी लावून जाळ एका शेपटीवर ओढला. शेपटी लाल झाली, परातीतलं पाणी कडेपाशी सूं करत राहिलं. सांडशीच्या टोकानं शेपटी आत वळली, एका वेळात. दुसरी मी केली. माझी थोडी तिरकी बसली. मामांनी ती परत तापवायला लावली.

सरळ झाल्यावर चकमक पाण्यात पूर्ण सोडली, पुसली, अकीकावर ओढली. ठिणग्या होत्या तशाच. चार बोटं आत नीट बसत होती.

"ही हितंच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले आणि चकमक दगडाशेजारी कोनाड्यात ठेवली.